सातवा प्रश्न

नागपूर,
४ डिसेंबर १९६३

ती. सौ. मंजुळामावशीस,
पुष्पाचा शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीची सुटी संपवून इथे आले आणि अभ्यासात अशी अडकले की पोचल्याचं पत्रही लिहिलं नाही, त्याबद्दल रागावू नकोस. तुझ्या दशम्या वसतिगृहातल्या मुलींनी पहिल्याच दिवशी संपवल्या. ठेचा मात्र मी पेटीत लपवून ठेवला आहे.

आज तुझ्याकडे एक काम घेऊन आले आहे. माझ्या एम. ए.च्या प्रबंधाचा विषय तुला ठाऊक आहेच: पीठगिरणी आल्यापासून खेड्यातल्या बायकांचं आयुष्य कसं बदललं. पन्नास बायकांचे फॉर्म भरायचे होते. जानेफळात बारा दिवस हिंडले तरी माझे दहाच भरून झाले. लोक माझ्याशी फार चांगले वागले, तीच अडचण झाली. शहरातून आलेली पोरगी म्हणून चहा दिला आणि मला ऐकायला बरं वाटेल तेच सांगितलं. सोनटक्के सर फॉर्म चाळून म्हणाले, "ही उत्तरं तुमच्या चेहऱ्याकडे बघून दिलेली दिसतात."

उरलेले चाळीस फॉर्म सोबत पाठवते आहे. तू गावातली, चौथी पास, अक्षर सुरेख. तू विचारलंस तर खरं सांगतील. एवढंच सांभाळ की प्रत्येकीला वेगळं विचारायचं, उत्तर सुचवायचं नाही, आणि ती बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहायचं. जानेवारीअखेर फॉर्म हातात आले नाहीत तर माझं वर्ष जाईल. बाबांनी देऊळगाव राजाहून मला इतक्या लांब शिकायला पाठवलं, त्यांना काय तोंड दाखवू?

काकांना नमस्कार सांग.

तुझी,
पुष्पा


जानेफळ,
१९ डिसेंबर १९६३

चि. पुष्पाले मावशीचा आशीर्वाद.

तुझं पुडकं भेटलं. शाळेतल्यासारखं शुद्ध लिहाले बसली तर दोन ओळीत थकून जाते, म्हणून बोलते तसंच लिहून राह्यली. मैत्रिणीले दाखवू नको.

तुझ्या काकानं विचारलं, हे समाजशास्त्र म्हणजे काय. मी म्हटलं, माणूस समाजाले घडवते का समाज माणसाले, ते पाह्याचं शास्त्र आहे. तर म्हणाले, "ते पाह्याले नागपूरले काऊन जा लागते? आपल्या पारावर बसलं तरी दिसते." पण फारम ठेवाले पत्र्याची पेटी त्याईनंच रिकामी करून देली.

आता कामाचं सांगते. आधी अंबूबाईच्या घरी गेली. तिची सून कलाबाई गहू निवडत होती. मी तिले विचारलं, "गिरणी आल्यावर तुमच्या कामात काय फरक पडला?" अंबूबाईले वाटलं मी कापसाच्या जिनिंगचं विचारून राह्यली. गिरणी नाही, चक्की, अब्दुल गनीची चक्की, असं समजावलं, तर म्हणे, "तिले काय फरक पडन? फरक मले पडला. लिही, सून सुखी आहे." मी म्हटलं, "अंबूबाई, कलाबाईले बोलू द्या." त्या म्हणाल्या, "मी काय वेगळं बोलून राह्यली का?" कलाबाईनं मान वर केली नाही.

दुसऱ्या घरी नवरा बोलला. तिसऱ्या घरी सासू आन् नवरा दोघंही बोलले, आन् त्याईचं आपसातच जमलं नाही. अशा आठ दिवसात सहा फारम झाले, त्यातला एकही बाईनं भरला असं मले वाटत नाही.

आन् तो तुझा सातवा प्रश्न: 'पीठगिरणीमुळे वाचलेल्या वेळेचा आपण कसा उपयोग करता?' तो वाचला की बाया मले उलटं विचारतात, "कोणता वेळ?" त्याईले काय सांगू ते लिहून पाठव.

तुझी मावशी,
मंजुळा


नागपूर,
२९ डिसेंबर १९६३

ती. मावशीस नमस्कार.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मैत्रिणींना दाखवलं नाही, फक्त अंबूबाईंचं बोलणं वाचून दाखवलं.

सातवा प्रश्न हाच माझ्या प्रबंधाचा कणा आहे. पूर्वी पहाटे जात्यावर सासू-सून समोरासमोर बसायच्या, ओव्या म्हणायच्या, सुखदुःख बोलायच्या. यंत्र आलं, जातं थांबलं, वेळ वाचला. पण ती सोबतही गेली. आधुनिक समाजात माणूस मोकळा होतो आणि एकटा पडतो, असं सरांचं म्हणणं आहे. तुमच्या गावात तसंच झालं आहे का, ते मला पाहायचं आहे. म्हणून बायकांनी 'कोणता वेळ' म्हटलं तरी तू पुन्हा विचार.

आणि घरात विचारू नकोस. जिथे घरचं कुणी नसेल अशा ठिकाणी बाईला गाठ, म्हणजे ती मोकळेपणानं बोलेल. ठिकाण तूच शोध.

महिनाच उरला आहे. माझी सगळी भिस्त तुझ्यावर आहे.

तुझी,
पुष्पा


जानेफळ,
२५ जानेवारी १९६४

चि. पुष्पाले आशीर्वाद.

चाळीसच्या चाळीस फारम भरून रजिस्टर पोस्टानं पाठवले. तू म्हणली तसं घरचं कोणी नसन असं ठिकाण मले सापडलं. मंग चौतीस फारम नऊ दिवसात झाले. काय बोलल्या बाया, पुष्पा. लिहून लिहून माह्या बोटाले घट्टा पडला. एका दिवशी तर हसून हसून माह्या हातातला कागद फाटला, तो भाताच्या शितानं चिकटवला आहे, एकोणीस नंबरचा. सरले म्हणा माफ करा.

कलाबाई बोलली. मी तिच्या लग्नापासून तिले पाहून राह्यली, पाच वरसं झाली, पण तिचा आवाज इतका मोठा आहे हे मले ठाऊक नव्हतं.

पुडकं तुझ्या काकानं बांधलं. बांधता बांधता चार फारम वाचले आन् म्हणाले, "तुमी बाया रोज दोन दोन तास उभ्या राह्यता?" मी म्हटलं हाव. ते विचारात पडले.

तू आता चांगली झोप घे. मावशीनं काम केलं.

मंजुळा


नागपूर,
६ फेब्रुवारी १९६४

ती. मावशीस,

हे पत्र लिहिताना मला वाईट वाटतं आहे, पण लिहिणं भाग आहे.

सरांनी फॉर्म वाचले. आधी ते खूश होते. मग सातव्या प्रश्नावर आले आणि त्यांनी सगळे फॉर्म टेबलावर पसरून ठेवले. चौतीसपैकी सत्तावीस फॉर्ममध्ये एकच उत्तर आहे: "चक्कीवर उभी राहते. बरं वाटते." कुठे एक शब्द मागेपुढे, बाकी तेच. सर म्हणाले, "सत्तावीस बायका एका तोंडानं बोलत नाहीत. हे एका बाईनं घरी बसून लिहिलं आहे."

मावशी, तू मला मदत करायला म्हणून स्वतःच लिहिलंस का? माझं वर्ष वाचावं म्हणून? तसं असेल तर मी रागावणार नाही, पण मला खरं सांग. हे फॉर्म बाद झाले तर नवीन भरायला वेळ नाही. सरांनी महिनाअखेरपर्यंत मुदत दिली आहे. माझ्या प्रामाणिकपणावर संशय आहे असं ते म्हणाले नाहीत, पण दोन दिवस माझ्याशी नीट बोललेही नाहीत.

पुष्पा


जानेफळ,
१२ फेब्रुवारी १९६४

चि. पुष्पाले आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी ते चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवलं आन् दोन दिवस त्याच्याकडं पाह्यलं नाही. मी तुझ्या आईच्या पाठची बहीण आहे. खोटं लिहून पाठवन, असं तुले वाटलं कसं?

एक गोष्ट मी सांगितली नाही, ती आता सांगते. फारम मी चक्कीवर भरले. रांगेत. सकाळी आठला अब्दुल गनी इंजिन चालू करते, तवा बाया डबे घेऊन येतात. पंचवीस-तीस डबे लागतात. नंबर यायले दोन तास जातात. घरचं कोणी नसन असं गावात दुसरं ठिकाणच नाही. पाण्याले सासू संगं येते, वावरात नवरा संगं असते. चक्कीवर बाई एकटी येते. तू वेगळं वेगळं विचाराचं म्हणली होती. मी एकीले विचारू, तर चारजणी मधात बोलत. मी पह्यले दोन दिवस त्याईले मागं सरकवलं. मंग मीच सोडून देलं.

कारण सांगते. कलाबाईले मी बाजूले घेऊन विचारलं, तुमचं मन कशात लागते. ती म्हणे, काही नाही. रांगेत आली तर सायरा, अब्दुल गनीची बायको, म्हणे, "अगं, तू तर चित्रं काढते, परवा पिठात मोर काढला होता." तवा कलाबाई म्हणे, हाव, मी चित्रं काढते, माहेरी भिंती मीच रंगवत होती, इथं कोणाले माहीत नाही. एकटी असताना तिले स्वतःचं आठवलं नाही. दुसरीनं सांगितलं तवा आठवलं. आता यातलं कोणतं उत्तर खरं, ते तुझ्या सरले विचार.

सातव्या प्रश्नाचं उत्तर पह्यले रांगेतल्या शेवंताबाईनं देलं. बाकीच्या म्हणाल्या, माहंही तेच लिहा. मी सुचवलं नाही. कोणाच्या पोटातून निघालं नसतं तर तिनं लिहू देलं नसतं, त्या काही गरीब बाया नाहीत.

तुझ्या प्रबंधात आहे तसं जात्यावर सासू-सून गात होत्या, हे खरं आहे. पण सासू आन् सूनच. सायराच्या जात्यावर मी कधी बसली असती का? आता रोज तिच्या मागं नाहीतर पुढं उभी असते.

पण पुष्पा, आता ती रांग राहणार नाही. तुझ्या काकानं त्या दोन तासाचं पारावर सांगितलं. चक्की ज्याईच्या जागेत उभी आहे ते शंकरराव तिथं होते. ते म्हणाले, बायाईचा रोज इतका वेळ जाते हे बरं नाही. सगळ्याईनं मिळून ठरवलं, सोमवारपासून तुझ्या काकाची बैलगाडी घरोघरी जाऊन डबे गोळा करन आन् दुपारी पीठ घरपोच देईन. बायाईनं चक्कीवर जायची गरज नाही. मनापासून भलं करून राह्यले ते. तुझे काका तर मले सांगताना लाजून हसत होते, जशी काही मले जरीची साडी आणली.

मी काय बोलू? तुझ्या कागदातूनच हे झालं.

मंजुळा


नागपूर,
१९ फेब्रुवारी १९६४

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

मी चुकले. तुझ्यावर संशय घेतला, त्याची माफी पत्रातून मागून भागणार नाही, पण आत्ता तेवढंच हातात आहे.

तुझं पत्र घेऊन मी सरांकडे गेले आणि त्यांच्यासमोर वाचलं. कलाबाईंच्या मोराशी आल्यावर सरांनी मला थांबवलं आणि तेवढा भाग पुन्हा वाचायला सांगितला. मग म्हणाले, "एकटीला गाठून विचारायचं, हा नियम मी घातला होता. बाई एकटी असली की खरी असते, असं मी धरून चाललो. ते मला कुणी सांगितलं होतं?" फॉर्म त्यांनी बाद केले नाहीत. मला नवीन प्रकरण लिहायला सांगितलं आहे, त्या रांगेवर.

पण रांगच आता उरली नसेल. मावशी, हे माझ्यामुळे झालं. मी समजत होते की आपण फक्त विचारतो आणि लिहून घेतो. विचारण्यानं काही हलत नाही. सरांना विचारलं, मी शंकररावांना पत्र लिहू का? ते म्हणाले, अभ्यासकानं मध्ये पडू नये. मग थोड्या वेळानं म्हणाले, "पडलो आहोतच म्हणा."

मी काय करू ते सांग. येऊ का?

तुझी,
पुष्पा


जानेफळ,
१४ मार्च १९६४

चि. पुष्पाले खूप आशीर्वाद.

तू येऊ नको असं लगेच कळवाले पायजे होतं, पण इकडं इतकं घडत होतं की लिहाले बसाले सवड भेटली नाही. राग तर केव्हाच गेला.

गाडी चालू झाली. पह्यल्या दिवशी सायराच्या डब्यात माही ज्वारी गेली आन् शेवंताबाईच्या गव्हात कोणाची तरी हरभऱ्याची डाळ. गावभर पोळ्या पिवळ्या झाल्या. माणसं म्हणाली, होईन सवय. दुसऱ्या दिवशी डब्यावर गेरूनं खुणा केल्या. मंग काही चुकलं नाही. सगळं बरोबर चालू झालं, आन् तेच खरं वाईट होतं. पीठ घरी येत होतं आन् आमी घरी बसून होतो. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी गाडी दारात आली, डबा चढवला, आन् मी चप्पल घालून गाडीमागं चालाले लागली. ठरवलं काहीच नव्हतं. पुढच्या घरी कलाबाईनं डबा देला आन् माह्या संगं आली. असं करता करता पारापाशी आलो तवा डबे गाडीत आन् एकोणीस बाया गाडीमागं.

पारावर शंकरराव, पुंजाजी आन् आणखी पाच-सहाजण बसले होते. तुझे काका गाडी हाकत होते, त्याईनं मागं पाह्यलंच नव्हतं.

शंकररावानं हात वर करून गाडी थांबवली. म्हणाले, "मंजुळाबाई, डबे तर पोचतात. तुमी काऊन चालून राह्यल्या?"

इतक्या माणसात बोलाची मले सवय नाही. पिशवीत तू जास्तीचा पाठवलेला एक कोरा फारम पडला होता, तो काढला. कागद हातात असला की मले बोलता येते, हे या दोन महिन्यात समजलं. म्हटलं, "शंकरराव, आधी माह्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. हरभरा निघाला, वावरातलं काम कमी झालं. ह्या वाचलेल्या वेळेचा तुमी कसा उपयोग करता?"

पुंजाजी हसला. शंकरराव हसले नाही. तो माणूस खरा आहे, विचारलं तर विचार करते.

"पारावर बसतो," ते म्हणाले.

"बसून काय करता?"

"काही नाही. चार माणसं भेटतात. बरं वाटते."

मी तिथंच लिहून घेतलं. मंग म्हटलं, "आमच्या सत्तावीस बायाईनं हेच सांगितलं. तुमचा पार आहे, तशी आमची चक्की."

बैलानं मान हलवली, त्याच्या घुंगराचा तेवढा आवाज आला. मले वाटलं, आता तुझे काका रागावतात. ते खाली उतरले, मागं येऊन सगळ्या बायाईकडं पाह्यलं, आन् गाडीतला पह्यला डबा काढून माह्या हातात देला. म्हणाले, "घ्या आपापले. बैलाले उगाच त्रास."

घरी जेवताना मले म्हणाले, "मले सांगाचं ना, तिथं बरं वाटते म्हणून."

मी म्हटलं, "तुमी कधी विचारलं नाही. मले तरी कुठं माहीत होतं? पुष्पानं विचारलं तवा समजलं."

ते वरणात पोळी कुस्करत बसले. मंग हासाले लागले, आन् मलेही हसू आलं.

चक्कीसमोर शंकररावानं आता पत्र्याची छपरी घालून देली. उन्हाळा येऊन राह्यला म्हणून. छपरीच्या भिंतीवर कलाबाईनं चुन्यानं मोर काढला, दोन. एकाचा पाय थोडा बारीक झाला, ती म्हणे तो लाजून उभा आहे.

मंजुळा


नागपूर,
२ जून १९६४

ती. मावशीस आणि काकांना साष्टांग नमस्कार.

मी पास झाले. वर्गात दुसरी आले. बाबांना तार केली, आणि लगेच तुला लिहायला बसले.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या प्राध्यापकांनी विचारलं, "यंत्रानं माणूस एकटा पडतो, हे तुम्हाला मान्य नाही का?" मी म्हटलं, काही ठिकाणी पडत असेल. जानेफळात यंत्रासमोर रांग लागली, आणि त्या रांगेनं बायका बदलल्या, आणि बदललेल्या बायकांनी ती रांग टिकवली. त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी पारावरचा प्रसंग सांगितला. सोनटक्के सर खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे खांदे हलत होते.

मी पंधरा तारखेला येते आहे. प्रबंधाची एक प्रत आणते, चक्कीवर वाचून दाखवीन. एक सांगते, म्हणजे कुणी नाराज व्हायला नको: शास्त्राचा नियम म्हणून मी कुणाचंही खरं नाव घातलेलं नाही. कलाबाई म्हणजे 'स्त्री क्रमांक चौदा', तू 'स्थानिक सहायक'. कुणाला आपल्यामुळे त्रास होऊ नये, म्हणून असं करतात.

तुझी,
पुष्पा


जानेफळ,
९ जून १९६४

चि. पुष्पाले मावशीचे आन् अख्ख्या रांगेचे आशीर्वाद.

तू पास झाली ते मी चक्कीवर सांगितलं, तर अब्दुल गनीनं इंजिन बंद केलं आन् पुन्हा सांगाले लावलं, कारण पह्यल्यांदा कोणाले ऐकू आलं नाही. सायरानं शेवया केल्या.

पण नावाचं ऐकून बाया बिथरल्या. कलाबाई म्हणे, "मी चौदा नंबर नाही. मी बोलली तर माहं नाव पायजे." शेवंताबाई म्हणे, सातवं उत्तर पह्यले तिनं देलं, ते तिच्या नावानं लागलं पायजे. मी त्याईले तुझा नियम समजावला. त्या म्हणाल्या, सरच्या पुस्तकात नंबर राहू दे, आमच्या प्रतीत नावं घाल. तवा तू तसंच कर. यादी संगं जोडली आहे, एकेकीनं विचारून लिहिली. कलाबाईनं आपलं नाव स्वतः लिहिलं, दोन महिने झाले ती माह्याजवळ शिकून राह्यली.

आन् परवाची गोष्ट. अंबूबाई चक्कीवर आली. डोक्यावर डबा नाही, हातात काठी. कलाबाईनं पदर सावरला. मले वाटलं, आता सुनेले घरी नेते.

अंबूबाई माह्यासमोर उभी राह्यली. म्हणे, "मंजुळे, साऱ्या गावाले विचारलं. मले काऊन नाही विचारलं?"

मी म्हटलं, "अंबूबाई, सगळ्यात आधी तर मी तुमच्याच घरी आली होती."

"तू माह्या सुनेले विचाराले आली होती. मी बोलली, पण ते तिचं बोलली. माहं काय, ते कोणी विचारलं?"

फारम एकही नव्हता. सायरानं घरातून वहीचं पान आणून देलं. मी छपरीत बसून अंबूबाईले एकेक प्रश्न विचारला, आठवले तसे. ती सगळ्या प्रश्नाईचं नीट उत्तर देत होती. सातव्यावर आली तवा थांबली. म्हणे, "चाळीस वरसं दळलं. आता दळत नाही. सून इकडं येते तवा घरात मी आन् भिंती. लिही. आन् तुमच्यात विचारता येत असन, तर मले एक विचाराचं आहे. दळण नसलं तर रांगेत उभं राहता येते का?"

मी अब्दुल गनीकडं पाह्यलं. तो इंजिनचा पट्टा चढवत होता. म्हणाला, "अम्मा, आप आओ तो सही."

कलाबाई थोडी मागं सरकली आन् आपल्या पुढं सासूले जागा केली.

आता अंबूबाई रोज येते. तिचा नंबर आला की मागच्या बाईले म्हणते, तू जा पुढं. आन् स्वतः काठी टेकत शेवटी जाऊन उभी राह्यते, म्हणजे पुन्हा पह्यल्यापासून सुरू.

पंधरा तारखेले तू आली की आधी घरी ये, पाय धू, चहा घे. मंग डबा घेऊन माह्या संगं चल.

तुझी मावशी,
मंजुळा